मागं जाणारा हात

बेबीताईच्या हातचा कापूस गंजीत मिसळला तरी ओळखू यायचा, असं बोरदऱ्यात बोलत. त्यात पाला नाही, काडी नाही, किडकं बोंड तर नाहीच नाही. मारेगावच्या बाजारात गाडी लागली की व्यापारी मूठभर कापूस उचलून उन्हात धरायचा आणि मारोतरावांना विचारायचा, हा घरच्या माणसानं वेचला काय? मारोतराव नुसते मिशीत हसायचे आणि त्या दिवशी घरी येताना गरम जिलेबी बांधून आणायचे. बायकोचं कौतुक तोंडानं करणं त्यांना कधी जमलं नाही. जिलेबी आली की बेबीताईनं काय ते समजून घ्यायचं.

वेगाचं म्हणाल तर ती पहिल्या नंबरची नव्हती. पहिला नंबर सुखीबाईचा. सुखीबाईचं वावर धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून, दोघी एकमेकींच्या वेचणीला जायच्या. सुखीबाईची बोटं कपाशीच्या पऱ्हाटीवर अशी चालायची की आपण कधी सुटलो ते बोंडालाही कळू नये. ती ओळ संपवून पलीकडच्या धुऱ्यावर जाऊन बसायची, ओटीतला कापूस मोकळा करायची, पाणी प्यायची, तरी बेबीताई अजून मधातच. मग सुखीबाई तिथून हाळी द्यायची, "बेबे, तू वेचून राह्यली का पऱ्हाटीच्या वेण्या घालून राह्यली?" बाया हसायच्या. बेबीताईही हसायची. आपण मागं का राहतो हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. हात चालतो तसा चालतो, त्यात विचार करण्यासारखं काय आहे.

घरात आणि गल्लीत तिला 'रजतची माय' म्हणत. रजत आता चंद्रपूरकडे कंपनीत होता, दिवाळीला येऊन जायचा. पण लग्नानंतरची काही वर्षं ती 'नयनची माय' होती. नयन ही पहिली मुलगी. वेचणीच्या दिवसांत माय ओळीत शिरली की ही तिच्या मागं. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची तिची वेगळी ओटी, कंबरेला गाठ मारून बांधलेली. माय पुढं वेचायची आणि ही मागून म्हणत राहायची, "माय, मले एक. माय, मले एक." शाळेत नाव घालायच्या वर्षी ती तापानं गेली. वणीच्या दवाखान्यात नेली ती माघारी आणली कापडात गुंडाळून. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. तसा काही नेम केला नव्हता. एकानं टाळलं म्हणून दुसऱ्यानं टाळलं, टाळता टाळता रजत झाला, आणि बाई रजतची माय झाली.

यवतमाळच्या बाहेर, पांढरकवड्याच्या रस्त्याला, माळावर तंत्रज्ञान विद्यापीठ उभं राहिलं, त्याच्याशी बोरदऱ्याचा संबंध एवढाच होता की एसटीतून जाताना त्याच्या काचांवरचं ऊन डोळ्यांत जायचं. मारोतराव त्याला आरशाचा कारखाना म्हणत. त्या विद्यापीठाला दिल्लीहून निधी आला होता, कापूस वेचणारं मशीन करण्यासाठी. वेचायला माणूस मिळत नाही ही रड दिल्लीपर्यंत पोचली होती म्हणायची. पण असा निधी एकदम हातात पडत नाही. वर्ष सरलं की विद्यापीठाचा जाडजूड अहवाल निघतो. नवी इमारत किती वर गेली, कोण पोरं कुठल्या कंपनीत लागली, कोणाला कुठं बक्षीस मिळालं, ते सगळं त्यात असतं, आणि हाती घेतलेल्या कामांची प्रगती असते. प्रगती दिसली तर पुढचा हप्ता सुटतो. नाही दिसली तर मशीन कोपऱ्यात जातं आणि पोरांना दुसरं काम धरावं लागतं.

हे सगळं बेबीताईला सांगितलं समीक्षानं. समीक्षा नेरकडच्या शेतकऱ्याची पोरगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्याबरोबर क्षितिज, यवतमाळातल्या बँकेच्या साहेबाचा मुलगा. चिखलात पाय टाकताना आधी बुटाकडे बघणारा. आणि त्यांच्या वरती अनघा मॅडम, तीन पिढ्या वकिलीत गेलेल्या घरातली, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलणारी, पण मायाळू बाई. मशीनला साफ वेचायला शिकवायचं तर आधी साफ वेचणारा हात पाहिजे, म्हणून ते मारेगावच्या व्यापाऱ्याकडे विचारायला गेले. व्यापाऱ्यानं सांगितलं, बोरदऱ्याला जा, मारोतरावचं घर विचारा.

ते आले तो नेमका सीतादहीचा दिवस. वेचणीची पहिली ओळ धरण्याआधी वावरात बोंडं पुजून दहीभात शिंपडतात, त्याला इकडे सीतादही म्हणतात. बेबीताईनं तिघांच्याही हातावर दहीभात ठेवला आणि मगच काय काम आहे ते विचारलं. काम ऐकून बाया पदरात तोंड घालून हसू लागल्या. समीक्षानं तिच्या उजव्या हातात मोजा चढवला. पातळ काळा मोजा, बोटाबोटावर वायरी, मनगटावर एक डबी. सुखीबाई म्हणाली, "बेबे, तुले बिजलीचं कनेक्शन देऊन राह्यले काय व? रातच्याले घरात बल्ब नको लावजो मंग."

अनघा मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही फक्त रोजच्यासारखं वेचा. आमच्याकडे बघूच नका."

बेबीताईनं तसंच केलं. ते पोट्टे त्या हंगामात कितीदा तरी आले. मोजा घालायचे, ती वेचायची, हाताचं सगळं हलणंचलणं त्या डबीत जाऊन बसायचं. पुढं पुढं मोजा हातात आहे हेसुद्धा ती विसरून जायची. दुपारी पोरं तिच्याच शिदोरीतली भाकर खायची. क्षितिजनं पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी निघालं, आणि मारोतराव म्हणाले, हे पाणी त्या डबीत भरून ठेवा, अहवालात दाखवजा.

पुढच्या वेचणीला मशीन आलं. चार चाकांचा लोखंडी गाडा, त्यावर एकच हात. खांद्यासारखा सांधा, कोपर, मनगट, रबराची बोटं. बाजूनं कापडी थैली लटकवलेली. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं बेबी-एक. ते ऐकून बेबीताई लाजली आणि मारोतराव म्हणाले, एक बेबी सांभाळता सांभाळता केस पिकले, आता आणखी एक आणली तुमी.

गाडा ओळीत घातला. बाया काम सोडून धुऱ्यावर जमल्या. हात हलला, पुढं गेला, बोंड धरलं, मनगट जरासं फिरवून ओढलं. कापूस तेवढा निघाला, पाला झाडालाच राहिला. बायांच्या तोंडून हुंकार निघाला. मनगटाचा तो फिरवा बेबीताईचाच होता, कोणीही सांगितलं असतं. हातानं कापूस थैलीत टाकला, दुसरं बोंड घेतलं, तिसरं घेतलं. आणि मग तो थैलीकडे न जाता मागं वळला. खाली, उजव्या अंगाला, माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर जाऊन थांबला. रबराची बोटं उघडली. हात तसाच क्षणभर उघडा राहिला आणि मग परत पुढं येऊन वेचायला लागला.

क्षितिजनं कपाळाला हात लावला. एरर आहे, म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. हात मागं गेला, उघडला, बोंड मातीत पडलं. पोरांनी गाडा थांबवला, जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून बसले, मागच्या वर्षीची सगळी नोंद पुन्हा पाहिली. बऱ्याच वेळानं अनघा मॅडम ओशाळं हसत बेबीताईकडे आल्या. चूक मशीनची नाही, म्हणाल्या. मशीन जे शिकलं तेच करतं. "ताई, तुमचाच हात मधून मधून मागे जातो. तुम्ही मागे काही टाकत होता का?"

"मी कायले टाकू मागं?" बेबीताई म्हणाली.

समीक्षानं तिला पडद्यावर दाखवलं. रेघांचा एक हात होता, काळ्यावर हिरवा. वेचत होता, वेचत होता, आणि मागं जात होता. दर दिवशीच्या नोंदीत जात होता. बेबीताई बघत राहिली. आधी तिला हसू आलं, म्हातारपण हातात शिरलं म्हणायचं. मग त्या हिरव्या हाताची बोटं उघडली, तळवा वर झाला, आणि ती कुठं थांबली ते तिनं पाहिलं. तिचं हसू गेलं. लॅपटॉपपासून ती दोन पावलं मागं सरली. तेवढ्या उंचीचं जे कोणी होतं ते जाऊन रजतच्या वयाहून जास्त वर्षं झाली होती.

मग ती म्हणाली, आणखी एकदा चालवा.

त्यांनी चालवलं. ती गाड्याच्या मागं गेली आणि ओळीत, मातीत, खाली बसली. बायांना वाटलं ऊन लागलं. लोखंडाचा हात वेचत होता. मग तो मागं आला, खाली आला, आणि बरोबर तिच्या तोंडासमोर येऊन उघडला. त्यात एक फुललेलं बोंड होतं. बेबीताईनं ते घेतलं.

क्षितिजला वाटलं, ताई बोंड मातीत पडू देत नाहीत, मदत करतात. त्यानं मॅडमना तसं म्हटलंही. मारोतराव धुऱ्यावर उभे होते. ते बैलांकडे निघून गेले, आणि सोडलेले बैल पुन्हा जोतायला लागले, जरी कुठं जायचं नव्हतं.

त्या हिवाळ्यात पोरं मशीन घेऊन आली की बेबीताई आपली ओळ टाकून मागं जाऊन बसायची. हात यायचा, उघडायचा, ती घ्यायची. ओटीत टाकायची नाही ती बोंडं. पदराच्या टोकाला वेगळी बांधायची. सुखीबाईनं एकदा टोमणा मारला की मालकीण आता बसून खाते बाप्पा, मशीन हातात आणून देते. बेबीताईनं मान हलवली. खरंच होतं ते. कोणी तरी हातात आणून देत होतं आणि ती घेत होती. आपला हात पलीकडून कसा दिसतो ते बघणं सगळ्यांच्या नशिबी येत नाही. नयनला कसा दिसत असेल ते तिला आता कळत होतं. हात वरून येतो. ऊन अडवून येतो. आधी सावली येते, मग बोंड.

मशीन नसलेल्या दिवशी ती स्वतः वेचायला गेली तेव्हा मात्र विपरीत झालं. ती हाताची वाट बघू लागली. आता जाईल मागं, आता जाईल. हात जाईना. कितीतरी ओळी तिनं तशा वेचल्या. मग तिनंच त्याला पाठवला. गेला, उघडला, परत आला. पण तो गेलेला हात नव्हता, पाठवलेला होता. त्यात आणि त्यात फार फरक असतो. इतकी वर्षं तो आपल्या मनानं जात होता, कारण बेबीताईला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं आणि थांबला. आता तो फक्त त्या लोखंडात होता.

म्हणून तिनं समीक्षाला फोन केला. फोन रजतनं दिलेला, त्यात समीक्षाचं नाव 'नेरवाली पोट्टी' म्हणून लावलेलं. समीक्षा तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसली होती. तिनं आनंदानं सांगितलं की अहवालात आपल्या मशीनला अख्खं पान मिळालं, पण निधीवाल्या समितीनं एका गोष्टीवर बोट ठेवलं आहे. वेग कमी पडतो. आणि वेग कमी पडतो तो त्या मागं जाण्यानं. तेवढं काढलं तर शेवटचा हप्ता सुटेल, दिल्लीच्या स्पर्धेलाही पाठवणार आहेत.

बेबीताई म्हणाली, "तेवढं राहू देजो ना बाई."

"काहून मावशी?"

इथं सांगायचं होतं. नाव ओठापर्यंत आलं होतं. पण जे नाव नवऱ्यासमोर इतकी वर्षं घेतलं नाही ते फोनमधल्या पोरीला कसं सांगायचं, आणि सांगून काय म्हणायचं. "असंच," ती म्हणाली. "बरं वाटते."

समीक्षा हसली. वाईट नाही हसली. "बरं वाटते म्हणून निधी नाई भेटत मावशी. तुमी काळजी नका करू, बाकी हात तुमचाच राहीन."

पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला तेव्हा विद्यापीठानं बोरदऱ्याला जीप पाठवली. बेबीताईनं लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसलं, मारोतरावांनी टोपी धुऊन घातली. वाटेत केळापूरच्या देवीला लांबूनच हात जोडले. हात तेवढा एकदा मागं येऊ दे, एवढंच तिनं मागितलं. पोरांनी खरंच काढलं असेल असं तिच्या मनाला पटत नव्हतं. हात आपलाच राहणार आहे ना, मग त्याला कोण अडवतं?

सभागृह थंडगार होतं. कुलगुरू अहवाल वाचत होते. ग्रंथालयाचा दुसरा मजला झाला. मुलींचं वसतिगृह झालं. निधी गेल्या वर्षीपेक्षा वाढला. क्षितिजला हैदराबादच्या कंपनीनं शिक्षण संपायच्या आतच उचललं होतं, त्याचे आईवडील पुढच्या रांगेत बसले होते. समीक्षाला दिल्लीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. तिचा बाप मागच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखा ताठ. टाळ्या पडल्या तसा तो उभाच राहिला आणि मग लाजून बसला. बेबीताईला त्या बापाकडे बघून भरून आलं. पोरांनी खरोखर मेहनत केली होती. उन्हात केली होती, तिच्या डोळ्यांसमोर. त्यांच्यावर रागवावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच अवघड होतं.

तिला मंचावर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. निवेदिकेनं मशीनचं नाव सांगितलं तेव्हा सभागृह हसलं. दोन शब्द बोला म्हणाले. बेबीताईनं माईककडे पाहिलं. "पोट्ट्यायनं चांगलं केलं," ती म्हणाली, आणि माईकपासून मागं सरली.

मग पडदा सरकला. कुंड्यांमध्ये उभी केलेली पऱ्हाटी, बोंडं फुटलेली, आणि बाजूला तो गाडा, नव्या निळ्या रंगात. क्षितिजनं कळ दाबायच्या आधी बेबीताई शाल सावरत गाड्याच्या मागं गेली आणि मंचाच्या चकचकीत फरशीवर खाली बसली. लुगडं पसरलं, हात पुढं केला.

खाली बारीक हशा झाला. खेड्यातली बाई आहे, तिला खाली बसायची सवय. अनघा मॅडम घाईनं खुर्ची घेऊन आल्या, ताई, इथं बसा ना, म्हणाल्या. बेबीताईनं मान हलवली. राहू द्या, इथंच बरी.

मशीन सुरू झालं. हात पुढं गेला, मनगट फिरवलं, साफ बोंड ओढलं, थैलीत टाकलं. तोच फिरवा, तीच बोटं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. बेबीताईचा तळवा उघडा होता. चौथं थैलीत गेलं. पाचवं गेलं. हात पुढंच जात होता. झरझर जात होता, सुखीबाईसारखा. कुंड्या रिकाम्या होत चालल्या आणि टाळ्या वाढत चालल्या. निवेदिका सांगत होती, अनावश्यक हालचाल काढून टाकल्यामुळे वेग दीडपट झाला आहे. शेवटच्या झाडावरचं बोंड गेलं, मशीन थांबलं, आणि बेबीताई तशीच बसून राहिली, हात पुढं करून.

टाळ्यांमध्ये समीक्षा बक्षिसाचा हार गळ्यात घेऊन उभी होती. तिनं त्या हाताकडे पाहिलं. तो कुठल्या उंचीवर आहे ते पाहिलं. मापं तिच्या डोक्यात होती, वर्षभर तिनं तीच मापं पुसायचं काम केलं होतं. ती जवळ आली आणि फरशीवर बसली.

"मावशी, मागं कोण होतं?"

"नयन," बेबीताई म्हणाली.

एवढंच. कोण नयन हे समीक्षानं विचारलं नाही. तिनं बेबीताईचा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगून टाकलं की जुनं काही राहिलेलं नाही. नवीन शिकवताना जुन्यावरच शिकवतात, ते पुसून जातं. नोंदीतूनही तेवढे तुकडे वेचून काढले, तिनंच काढले, रात्रंदिवस बसून. विद्यापीठाच्या व्हिडिओतसुद्धा तो भाग कापला, बरा दिसत नाही म्हणून. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. बेबीताईनं मोकळ्या हातानं तिच्या गळ्यातला हार नीट केला. म्हणाली, बाप आला आहे तुहा, त्याच्यासमोर रडू नको, त्याले वाटीन काही चुकलं.

तेवढ्यात मारोतराव मंचावर चढले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. टोपी हातात, वहाणा खालीच काढून ठेवलेल्या. ते येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चाल, नयनची माय."

परत येताना दोघं जीपमध्ये मागं बसली होती. उमरी मागं पडली, मोहदा मागं पडला. शाल बेबीताईच्या मांडीवर घडी करून ठेवलेली. मग मारोतराव बाहेर बघतच बोलले.

"मले ठावं होतं."

"काय?"

"तुहा हात मागं जाय ते. धुऱ्यावरून दिसे. ती गेली त्याच्या दुसऱ्या सालापासून."

बेबीताईनं त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस धुऱ्यावर उभा राहायचा, तिला वाटायचं मजुरांवर लक्ष ठेवतो. "मंग सांगतलं काहून नाई मले?"

"सांगतलं असतं तं थांबला असता."

करंजीला जीप थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला. मारोतराव उतरले, रस्त्यापलीकडे गेले आणि जिलेबीचा पुडा घेऊन आले. पुडा दोघांच्या मध्ये सीटवर राहिला. बोरदऱ्यात पोचेपर्यंत तो गार झाला होता आणि कागद तेलानं ओला झाला होता. तो तसाच शेजारच्या पोरांना दिला.

मशीनचं पुढं काय झालं ते बोरदऱ्याला नीटसं कळलं नाही. कोणी म्हणालं कंपनीनं घेतलं, कोणी म्हणालं आरशाच्या कारखान्यात काचेत ठेवलं आहे. अहवालाची एक प्रत विद्यापीठानं पोस्टानं पाठवली. तिच्यात बेबीताईचा शाल घेतानाचा फोटो आहे. मारोतराव तो आल्यागेल्याला दाखवतात. समीक्षाचा फोन येतो. सणासुदीला येतो, आणि कधी उगाच येतो. ती पुण्याला लागली आहे. बोलणं पिकापाण्याचं होतं. मध्येच ती थांबते, बेबीताईही थांबते, आणि मग दोघी फोन ठेवतात.

औंदाची सीतादही झाली. बोंडं पुजली, दहीभात शिंपडला, बाया ओळीत शिरल्या. ऊन चांगलं होतं, कापूस सुटा होता. बेबीताई वेचत गेली. हात पुढं जात होता, ओटीत येत होता, पुढं जात होता. मान वर करायचं कारण पडलं नाही. मान वर केली तेव्हा समोर पऱ्हाटी नव्हती, धुरा होता.

मागून सुखीबाईचा आवाज आला. ती अजून मधातच होती, कंबरेवर हात ठेवून उभी.

"काय व बेबे, औंदा तुह्या हाताले वेग आला बाप्पा. मलेही मागं टाकलं तुनं."

बेबीताई धुऱ्यावर बसली. इथं आधी येऊन बसलेलं माणूस काय करतं, हे तिला ठाऊक नव्हतं. सुखीबाई प्यायची तशी ती पाणी प्यायली. ओळीकडे पाहिलं. ओळ रिकामी होती, नुसती बोंडांची मोकळी टरफलं वाऱ्यावर खडखडत होती. उजव्या मुठीत शेवटचं एक बोंड राहून गेलं होतं, मोठं, चांगलं फुललेलं. तिनं ते जरा वेळ धरलं आणि ओटीत टाकलं.